दुसरीच्या मुलांसोबत वर्गात व्हिडिओ करताना : काड्या, वाकळ आणि पस्तीसचं त्रेपन्न

कवडसा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. दोन वर्षांपासून वर्गातल्या मुलांना घेऊन छोटे व्हिडिओ करतेय, दोन-अडीच मिनिटांचे. इथे शिक्षक बरेच आहेत, पालक आहेत, कॅमेऱ्याचं तंत्र जाणणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतेय. माझं जमलेलं आणि फसलेलं दोन्ही सांगते, तुमचंही सांगा.

आधी फसलेलं. पहिल्या वर्षी मी रीतसर संहिता लिहिली. ‘नमस्कार, आज आपण दशक व एकक यांची ओळख करून घेणार आहोत.’ दुसरीतल्या एका चुणचुणीत मुलीकडून ती पाठ करून घेतली. मागे पताका, डोक्याला तेल, धुतलेला गणवेश. चौदा वेळा घेतलं. चौदाव्या वेळी ती कुठेही न अडखळता बोलली. शिक्षण परिषदेत व्हिडिओ दाखवला, टाळ्या पडल्या. पुढच्या सोमवारी अंकलेखनात मी ‘पस्तीस’ म्हटलं आणि तिने पाटीवर ५३ लिहिलं.

ती पाटी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चूक तिची नव्हतीच. चौदा वेळा मी तिच्याकडून माझी वाक्यं वदवून घेतली होती, आणि त्यात एकदाही तिला काय कळलंय हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी संहिता सोडून दिली. आमच्याकडे काड्या म्हणजे ज्वारीच्या धाटाचे वीतभर तुकडे. दहाचा गठ्ठा बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापून घेतो, त्या रबरबँडपेक्षा टिकतात. सतरंजीवर काड्या ओतल्या, फोन वाळूच्या पिशवीवर टेकवला. फक्त सतरंजी आणि हात दिसतील असा. दोघांना समोरासमोर बसवलं. एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने मांडायची, आणि पटलं नाही तर भांडायचं. मी बाजूला पहिलीच्या मुलांना घेऊन बसले.

रात्री घरी ते चित्रण पाहिलं. जसं होतं तसं उतरवते :

‘पस्तीस ठिव.’

ती पाच गठ्ठे ठेवते. मग तीन सुट्ट्या काड्या.

‘आगं ही त्रेपन्न झाली.’

‘न्हाई, पस्तीसच. पस् म्हंजी पाच. पाच आदी आलं का न्हाई? मग पाच आदी ठिवायचं.’

तो गप्प. थोड्या वेळाने, ‘मग तीस कुठं गेलं?’

‘हे काय, तीन.’

‘तीन न्हाई, तीस. तीसला तीन गठ्ठं लागत्यात.’

इथे अकरा सेकंद कुणीच बोलत नाही. मागे पत्र्यावर चिमण्या वाजतात तेवढंच. मग तिचा हात पुढे येतो, दोन गठ्ठे मागे ओढतो, दोन सुट्ट्या काड्या पुढे सरकवतो.

बारा वर्षं शिकवतेय. मुलं ३५ आणि ५३ मध्ये गोंधळतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण का गोंधळतात हे मुलाच्याच तोंडून त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. बोलताना आधी पाच येतो, लिहिताना आधी तीन. तिने कानाने जे ऐकलं ते प्रामाणिकपणे त्याच क्रमाने मांडलं होतं. वर्गात हे मला ऐकू येत नव्हतं, कारण चुकीचं उत्तर दिसलं की मीच बोलायला लागत होते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा झालेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. त्या वेळी मीही नाक मुरडलं होतं. आता म्हणेन, ‘तीस पाच’ ही पायरी मुलाला फार उपयोगी पडते. बाजारात, घरात, एसटीच्या तिकिटावर पस्तीसच चालणार, ते यायलाच हवं. पण पस्तीसच्या आत तीस आणि पाच लपलेत हे मुलाला आधी दिसू दे. एकोणतीस, एकोणचाळीसचा घाट तर त्याहून अवघड, तिथे पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागच्या दशकातली संख्या सांगायची असते.

तर तो अडीच मिनिटांचा तुकडा मी कापला-छाटला नाही. अकरा सेकंदांची शांतताही ठेवली. वर्गात दाखवला तेव्हा त्या शांततेत चार मुलं पुढे सरकून ‘गठ्ठं उचल, गठ्ठं’ म्हणत होती. या वर्षीच्या दुसरीलाही तोच दाखवला.

एका वरिष्ठांनी पाहून सुचवलं, मुलं अशुद्ध बोलतायत, प्रमाण भाषेत पुन्हा करून घ्या. मी नाही केलं. ‘तीसला तीन गठ्ठं लागत्यात’ या वाक्यात दशकाची सगळी समज आहे. ‘आदी’ला ‘आधी’ करायला तिसरी-चौथी आहे, तोवर ती पोर बोलती राहायला हवी.

तुम्ही मुलांसोबत असं काही केलंय का? आवाज आणि उजेडाचं कसं जमवता? पालकांची परवानगी कशी घेता? आणि व्हिडिओ बाहेर टाकता की वर्गापुरताच ठेवता?

---

रानझरा

अकरा सेकंद वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी पहिलीत आहे. आज संध्याकाळी गव्हाच्या काड्या घेऊन बसते. वाचतेय, अजून लिहा.

---

मूव्हिओला

कवडसाताई, मी पुण्यात संकलक म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. शांतता कापली नाहीत, याबद्दल मनापासून अभिनंदन. नवा संकलक सगळ्यात आधी तीच कापतो.

तंत्राचं विचारलंत म्हणून सांगतो. मुलांच्या व्हिडिओत चित्र थोडं खराब असलं तर चालतं, आवाज खराब असला तर व्हिडिओ गेला. सात वर्षांचं मूल हळू बोलतं, शब्दाचा शेवट गिळतं. फोन दोन हातांच्या आतच हवा. त्याहून लांब ठेवावा लागत असेल तर दुसरा फोन रेकॉर्डिंग लावून मुलाच्या खिशात किंवा सतरंजीवर काड्यांच्या बाजूला ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की पुढचं सगळं जुळतं. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय गोधडी. मुलांच्या मागे दोरीवर एक आणि शक्य असेल तर बाजूला एक.

उजेड दाराचा किंवा खिडकीचा घ्या, आणि तो कॅमेऱ्याच्या पाठीमागून मुलांवर येऊ द्या. मुलं दाराकडे पाठ करून बसली की चेहरे काळे होतात. ट्यूबलाइटखाली कधी कधी चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळत नाही, म्हणून ते होतं. फोनमध्ये शटर हाताने बदलता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. येत नसेल तर ट्यूब बंद करून दाराशी बसा.

कॅमेरा मांडी घालून बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्याने वरून घेतलं की मूल कायम मान वर करून कुणाला तरी उत्तर देतंय असं दिसतं.

एक आठवण येते. पुण्यात बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली, राज्याची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था होती ती. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे, एका पिढीला अजून आठवतात. त्याआधी १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले, त्यात सकाळी शाळेतल्या मुलांसाठी वेगळी वेळ असे. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. बालचित्रवाणी २०१७ ला बंद पडली. तेव्हा कॅमेरे, जनरेटर, गाडी, तंत्रज्ञ असा लवाजमा लागायचा, त्यामुळे मुलांसाठीचा कार्यक्रम मोठ्यांनीच करायचा हे उघड होतं. आज फोन वाळूच्या पिशवीवर टेकवून मुलांनाच करता येतो. तुमचा धागा वाचताना हे फार जाणवलं.

---

गोफण

विषय चांगला आहे. पण थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मीही शिक्षक आहे. चार वर्ग दोन जणांत, त्यात ऑनलाइन माहित्या भरा, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुका आल्या की ती कामं. निपुण भारत या सरकारी अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि संख्याज्ञान आलंच पाहिजे असं उद्दिष्ट आहे. त्यात व्हिडिओला वेळ कुठून काढायचा? माझ्या परिसरात मी पाहतो, व्हिडिओ होतात ते गटावर टाकायला. एकाच हुशार मुलाला पुढे करतात, बाकी वीस जण मागे हाताची घडी घालून बसतात. त्या वीस जणांचा तास गेला. मला त्या मुलांचं वाईट वाटतं.

---

कवडसा

गोफणदादा, राग कसला. ते वीस जण माझ्या पहिल्या व्हिडिओत होते. हाताची घडी घालून.

वेळेचा हिशोब देते. गेल्या वर्षी मी सहाच व्हिडिओ केले, त्याहून जास्त झेपत नाहीत. एका व्हिडिओला तीन तासिका, त्या एका आठवड्यात पसरलेल्या, आणि तिन्ही गणिताच्या किंवा भाषेच्याच तासिका. गठ्ठे-सुट्टे मी असेही घेतलेच असते. संख्याज्ञान हेच उद्दिष्ट असेल तर त्या मुलीला तीस कुठे गेलं हे कळलं तो दिवस मी निपुणच्याच खात्यात धरते.

बाकीच्या मुलांचं मात्र मुद्दाम ठरवावं लागतं. आमच्याकडे कामं वाटलेली असतात. एक टाळीवाला (मूव्हिओलाकाका, टाळी आम्ही नुसतीच ‘सुरू’ म्हणून वाजवत होतो, आता कामाला लावू). दोघं दाराशी, कुत्रं किंवा चौथीची मुलं आली तर थोपवायला. दोघं काड्या मोजून देणारे, त्यांना बरोबर मोजावंच लागतं. एक जण फोनवरचं लाल बटण दाबणारा. उरलेले ऐकणारे, त्यांनी शेवटी एक प्रश्न विचारायचा. कामं दर वेळी फिरतात.

आणि चित्रण करण्याआधी चिठ्ठ्या. पाच-सहा कागदांवर मुलं चित्रं काढतात : काड्यांचा ढीग, गठ्ठा बांधणारा हात, तीन गठ्ठे, पाच सुट्ट्या, पाटीवर ३५. जमिनीवर त्या चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, आधी काय, मग काय. यावर इतका वाद होतो! एकाचं म्हणणं, पाटी आधी दाखवा, म्हणजे सगळ्यांना कळेल. दुसरी म्हणाली, ‘आदीच सांगितलं तर कोन बगंल?’ सात वर्षांची आहे ती. त्या ओळीप्रमाणे आम्ही चित्रण करतो, एक चिठ्ठी झाली की थांबवायचं, पुढची सुरू. क्रमानेच घेतल्यामुळे नंतर जोडजाड फारशी करावी लागत नाही.

एक मुलगा वर्षभर वर्गात बोलला नव्हता. घरी बोलतो असं आई सांगायची. टाळीवाल्याचं काम त्याने मागून घेतलं, तेही हात वर करून, न बोलता. चौथ्या व्हिडिओच्या वेळी मी त्याला झालेलं चित्रण आवाज बंद करून दाखवलं आणि विचारलं, हे काय चाललंय? तो पडद्याकडे बघत बघत बोलायला लागला. स्वतःचा चेहरा कुठेच नाही, समोर कुणी बघत नाही, नुसते हात आणि काड्या. तो आवाज मी त्या चित्रणावर लावला. वर्गात लावल्यावर मुलं एकमेकांना विचारत होती, हा कोन बोलतोय?

---

गोफण

हे चिठ्ठ्यांचं घेतो. फोन नसला तरी करता येईल. तूर्त तेवढंच करून बघतो.

---

गाविलगड

मेळघाटातून लिहितो. आमची मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचा रक्ताचा संबंध नाही, त्यामुळे पहिलीतलं मूल शाळेत येतं ते जवळजवळ परक्या भाषेतच. तिथे ‘आदी’ आणि ‘आधी’चा वाद फारच पुढचा.

आमचा अनुभव असा. मराठीत बोला म्हटलं की व्हिडिओत मुलं एका शब्दात उत्तर देतात, ‘हो’, ‘नाही’, ‘दहा’. तेच कोरकूत बोला म्हटलं की थांबत नाहीत. म्हणून एकच चित्रण, त्यावर दोन आवाज असं करतो. आधी मुलं कोरकूत समजावून सांगतात. दोन-तीन आठवड्यांनी त्याच चित्रावर तीच मुलं मराठीत बोलतात. विषय आधीच पक्का झालेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. मला कोरकू जेमतेम येते, तेव्हा पहिल्या आवाजात काय म्हटलंय ते मीच मुलांकडून शिकतो. मोहाची फुलं वेचणं, वाळवणं यावर एक केलाय. त्यात मुलांनी फुलं कधी वेचायला जायचं, कोणत्या झाडाखाली कोण जातं हे असं सांगितलं की मी नुसता ऐकत राहिलो.

पाड्यावर जाऊन तो आजी-आजोबांना दाखवला. शाळेच्या फोनवर आपली भाषा ऐकून एक आजी पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती.

---

उंबरा

मी पालक म्हणून लिहिते. परवानगीचा मुद्दा वर आला पण राहून गेला. माझ्या मुलाचा शाळेतला नाच कुणीतरी फेसबुकवर टाकला होता, नावासकट, तुकडीसकट. आम्हाला विचारलंही नव्हतं. ते काढून टाकायला तीन आठवडे लागले. शिक्षकांचा हेतू चांगला असतो हे कळतं, पण मूल माझं आहे. कवडसाताई, तुम्ही काय करता?

---

कवडसा

उंबराताई, तुमचं अगदी बरोबर आहे. यात मी एक चूक करता करता वाचले, ती सांगते.

वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. ‘शाळेच्या उपक्रमांची छायाचित्रे व चित्रफिती’ वगैरे. नंतर एक आई एकटी भेटायला आली. वर्ग सुटल्यावर, मुलीला लांब उभी करून. म्हणाली, ‘बाई, सभेत सगळ्यांसमोर न्हाई म्हनता आलं न्हाई. पन आमी हितं ऱ्हातोय हे कुनाला कळाया नगं.’ मी कारण विचारलं नाही. त्या आठवड्यात एक व्हिडिओ तालुक्याच्या गटावर जाणार होता, आणि त्यात त्या मुलीच्या मागे भिंतीवर शाळेचं नाव ठळक अक्षरात दिसत होतं.

तेव्हापासून सामूहिक सही बंद. दर व्हिडिओला प्रत्येक घरी विचारते, फोनवर व्हिडिओ दाखवून, मग टाकायचा की नाही ते. ‘नाही’ म्हणायला कारण द्यावं लागत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांच्या संमतीवर भर देतो. पण कायदा नसता तरी त्या आईसाठी हे करावंच लागलं असतं.

आणि मुलालाही विचारते. सात वर्षांच्या मुलाला नको म्हणायचा हक्क आहे. दोघांनी आजवर नको म्हटलंय, एकाने नंतर हो म्हटलं.

म्हणूनच आमच्या बहुतेक व्हिडिओंत नुसते हात असतात. सुरुवातीला मी हात घेतले ते काड्या नीट दिसाव्यात म्हणून. आता कळतं की त्यात मुलाची ओळखही झाकली जाते, लाजरं मूल बोलतं, आणि बघणाऱ्याचं लक्ष कोण गोंडस दिसतंय याकडे न जाता काड्यांकडे जातं. गणवेशावरचा बिल्ला, भिंतीवरची पाटी, मुलांनी एकमेकांना मारलेल्या हाका, एवढं तपासायचं. नाव ऐकू आलं तर तेवढा आवाज बंद करते.

बाहेर टाकायचाच असेल तर यूट्यूबवर ‘मुलांसाठी’ अशी खूण करायची. जानेवारी २०२० पासून अशा व्हिडिओंवर प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत, ते मला सोयीचं वाटतं. ‘अनलिस्टेड’, म्हणजे शोधात न दिसणारा, ठेवला तरी दुवा ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो हे पालकांना समजावून सांगावं लागतं. पालकांच्या गटावर पाठवताना मी डॉक्युमेंट म्हणून पाठवते, नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि पाटीवरचे आकडे पुसट होतात.

---

उंबरा

भिंतीवरच्या पाटीचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या आईला तुम्ही कारण विचारलं नाहीत, हे फार बरं केलंत.

---

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. ३५ आणि ५३ वाचून लिहिल्यावाचून राहवेना. जर्मनमध्येही आपल्यासारखंच आहे, पस्तीसला ‘फ्युन्फउंडड्रायसिश’ म्हणतात, म्हणजे पाच-आणि-तीस. इथल्या पहिली-दुसरीतली मुलं हमखास ५३ लिहितात, आणि या चुकीला त्यांच्याकडे रोजच्या वापरातला एक शब्दच आहे, ‘त्सालेनड्रेअर’, आकड्यांची उलटापालट. माझी मुलगी घरी मराठीत मोजते, शाळेत जर्मनमध्ये, आणि दोन्हीकडे एकक आधी. इंग्रजी शिकायला लागली तेव्हा तिने मला विचारलं, ‘आई, हे लोक बरोबर क्रमाने कसे काय बोलतात?’

रविवारी आम्ही सात-आठ कुटुंबं मुलांना मराठी शिकवायला जमतो. तिथे तुमचा प्रयोग करायचाय. इकडे लेखी परवानगीशिवाय वर्गातला साधा फोटोही कुणी काढत नाही, तेव्हा हातांचा उपाय आम्हाला आयताच मिळाला. एक विनंती : पालकांची हरकत नसेल तर तो पस्तीसचा आवाज आमच्या मुलांना ऐकवता येईल का? माणदेशी बोली त्यांनी कधी ऐकलेलीच नाही.

---

ठिपका

मी चित्रकला शिकवते. तुम्हाला एक सुचवू? स्टॉप मोशन करून बघा. फोन एका जागी पक्का बसवायचा, काडी थोडी हलवायची, फोटो, पुन्हा थोडी हलवायची, फोटो. सेकंदाला दहा फोटो धरले तरी छान चालतं. अर्ध्या मिनिटाला तीनशे फोटो होतात, पण वीस मुलांना पंधरा-पंधरा आले! कुणाचाच चेहरा नाही, कुणाला बोलायचं नाही, आवाज नंतर. वरून घ्यायचं असेल तर फोन बाकाच्या कडेला असा ठेवायचा की कॅमेऱ्याचं भिंग बाहेर डोकावेल, आणि मागे जाडं पुस्तक वजनाला.

काळजी एकच, उजेड बदलू देऊ नका. ढग येऊन गेले की चित्र लुकलुकतं. आणि हात बाजूला झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हे काम सगळ्यात काटेकोर मुलाला द्या.

---

मूव्हिओला

ठिपकाताईंना अनुमोदन. फोन हलू नये म्हणून बाकाचे पाय कुठे आहेत ते खडूने जमिनीवर आखून ठेवा. मुलांचा धक्का लागणारच. खुणा असल्या की पुन्हा जागेवर आणता येतो.

---

कवडसा

उशीर झाला, सहामाही चालू होती.

नेकारकाठताई, दोन्ही घरी जाऊन विचारलं. मुलाच्या आजोबांनी विचारलं, जर्मनीत कशाला हवंय? सांगितलं की तिकडची मुलंही पस्तीसचं त्रेपन्न करतात. ते खूश झाले. दोन्ही घरून होकार आहे, नावं काढून फक्त आवाज पाठवते. तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

ठिपकाताई, स्टॉप मोशन केलं. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशीचं सगळं वाया गेलं, दुपारी आभाळ भरून आलं आणि तुम्ही म्हणालात तसं चित्र लुकलुकायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या परिपाठानंतर लगेच बसलो. वाकळा दोन बाजूंना, पायांना खडूच्या खुणा. त्या खुणा सांभाळायला पहिलीतले दोघं बसवले होते, कुणालाही जवळ येऊ देत नव्हते, मलासुद्धा.

विषय होता दहा सुट्ट्यांचा एक गठ्ठा होणं. काड्या एकेक करत येतात, ओळीत बसतात, दहावी आली की जवळ जवळ सरकतात आणि वरून ट्यूबची चकती येते. फोटो मोजायचं काम आमच्या टाळीवाल्याकडे होतं. तो प्रत्येक फोटोला पाटीवर एक रेघ मारत होता, दहा झाल्या की त्यांना गोल करत होता. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

किती झाले म्हणून विचारलं तर त्याने पाटीवरचे गोल मोजले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाई, चार शेकंद आन् सा फोटू.’